कोरडी ती आमची

अंजनवेल, १७ मे १९२६

दादास मथुरेचा नमस्कार.

आम्हा ख्रिस्ती लोकांकडे पत्रात सलाम लिहितात. पण सलाम दिसला की तू पुढचं न वाचता कागद खाडीत सोडशील, म्हणून नमस्कार. तुला बाबांनी शाळेत घातलं, मला नाही. मी हर्णेच्या मिशन बोर्डिंगात भाकऱ्या थापता थापता अक्षरं शिकले, तेव्हा अक्षर बघून नाक मुरडू नकोस. होडीत मागच्या फळीखाली तू तंबाखूची चंची ठेवतोस, तिथेच हे पत्र ठेवते आहे.

काल तू हसलास. नाही म्हणू नकोस, मी काठावरून पाहिलं. आमचं हे तरुणांचं उन्हाळी शिबिर पहिल्यांदाच भरलं. काजूच्या बागेत जुन्या शिडाच्या कापडाचे तंबू, गाणी, प्रार्थना, आणि शेवटच्या रविवारी खाडीत बाप्तिस्मे. पाळक सखाराम नगरकडचे. त्यांनी कार्यक्रम छापून आणला होता, रविवार, सकाळी नऊ. तो कागद माझ्या चुलीपर्यंत आलाच नाही, नाहीतर मी तिथेच कपाळाला हात लावला असता. चतुर्थीला सकाळी नऊला खाडीत काय असतं ते तुला मी सांगायला नको. सगळी मंडळी पांढरे कपडे घालून गात गात खाली उतरली, तर समोर चिखल आणि चिखलात कुर्ल्या. पाळक म्हणाले, "पाणी गेलं कुठे?" जसं काही कोणी उचलून नेलं!

आमच्या लोकांचं डोक्यावर चार थेंब शिंपडून भागत नाही, अख्खा माणूस पाण्याखाली जावा लागतो. एक मुलगा भक्तीच्या भरात पुढे निघाला तो मांडीपर्यंत रुतला. त्याला ओढून काढताना बोर्डिंगच्या गोऱ्या मिसबाईंचा एक बूट गेला तो गेलाच. तेव्हा तू मधल्या धारेत होडी धरून हसत होतास आणि मग ओरडलास, "दुपारनंतर या! आता काय चिखलात लोळताव?" दुपारनंतर पाणी आलं आणि सगळं नीट पार पडलं. पाळक म्हणाले, पुढच्या वर्षीपासून तरवाल्याला, म्हणजे तुला, विचारल्याशिवाय वेळ छापायची नाही.

पण मी लिहायला बसले ते यासाठी नाही. शिबिराला येताना तू एकेकाला हात देऊन होडीत घेतलंस. मिसबाईंनाही घेतलंस. माझी पाळी आली आणि तू हात मागे घेऊन उगाच वल्हं चाचपायला लागलास. मी लुगडं खोचून एकटी चढले. माझ्या मैनेला मात्र तू उचलून घेतलंस.

बुडी घेतलेल्या बहिणीला हात लावायचा नाही आणि तिच्याशी बोलायचं नाही, ही तुझी शपथ मला ठाऊक आहे. तापाच्या साथीत मैनेचा बाप गेला, सासरच्यांनी दार लावून घेतलं, तू त्या दात पडलेल्या बिजवराचं स्थळ घेऊन आलास. मला ते नको होतं. मी मिशनची वाट धरली आणि तू मला मेली म्हणालास. मी मेलेली नाही, दादा. एवढ्या माणसांचा भात शिजवते आहे. उद्या परत जाताना तुझ्याच होडीत बसणार आहे. हात नको देऊस, पण निदान बघ तरी.

मथुरा


अंजनवेल, २० मे १९२९

दादास नमस्कार.

तू माझ्याशी बोलत नाहीस म्हणून वल्ह्याशी बोलतोस. परवा येताना वल्ह्याला काय सांगत होतास ते सगळ्या होडीनं ऐकलं. "पोर अजून कोरडी हाय. कोरडी ती आमची." मैना माझ्या शेजारी बसली होती. तिनं मला विचारलं, "आई, मी कोरडी म्हणजे काय?"

आता मीच तुला सांगते, म्हणजे वल्ह्याला त्रास नको. आमच्यात पाळण्यातल्या पोराला बाप्तिस्मा देत नाहीत. मूल ख्रिस्ती आईच्या पोटचं असलं, रोज प्रार्थना म्हणत असलं, तरी ते जाणतं होऊन आपल्या तोंडानं मागेपर्यंत त्याला पाण्यात नेत नाहीत. आणि आईबापांनी त्याला भरीस घालायचं नाही, असा सक्त नियम. पाळक पाण्यात उभं राहून सगळ्यांसमोर विचारतात, "तुझ्या स्वतःच्या मनानं आलीस का?" त्याला आईनं उत्तर देऊन चालत नाही.

हा नियम मिसबाईंनी सांगितला तेव्हा मला फार आवडला होता. माझ्या आयुष्यात तोवर कोणी मला माझं मन विचारलं नव्हतं, तूसुद्धा नाही. तोच नियम तू माझ्यावर उलटवशील हे कुठे ठाऊक होतं! तुमच्याच कायद्यानं पोर अजून तुमची नाही, असं म्हणतोस. तू वकील व्हायचास, उगाच वल्हं मारत राहिलास.

यंदा तंबू जाऊन नारळाच्या झापांच्या झोपड्या आल्या आहेत आणि मुलं दुप्पट झाली आहेत. पाळकांनी भरतीची वेळ तुलाच विचारली आणि तू नीट सांगितलीस. पाण्यात नऊजण उतरले. तू होडी थांबवून बघत होतास आणि प्रत्येक डोकं वर येईपर्यंत तुझं वल्हं हलत नव्हतं. काळजी वाटते तर वाटते म्हण ना.

मैना बारा वर्षांची आहे. ती माझी आहे, ओली असो की कोरडी.

मथुरा


अंजनवेल, १८ मे १९३१

दादास नमस्कार.

गेल्या साली मिठाच्या गडबडीत मिसबाई घाबरल्या आणि शिबिर भरलंच नाही. यंदा अर्धी मुलं खादीच्या टोप्या घालून आली. फोटो काढताना मिसबाई म्हणाल्या, टोप्या काढा. एकानं काढली नाही. इथले गाववाले आम्हाला साहेबाची माणसं म्हणायचे. त्यांना हे कळलं आणि दुसऱ्या दिवशी काजूच्या बागेत फणस येऊन पडले. तूही चार टाकून गेलास म्हणे. फणस चांगला होता.

पण मी रागावले आहे. मैनेला तू न विचारता खाडीपलीकडे तुझ्या घरी नेलंस. संध्याकाळी ती परतली ती हातात हिरव्या बांगड्या, केसात अबोली आणि तोंडात वहिनीचं कौतुक घेऊन. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "मामाच्या घरी माझी माणसं खूप आहेत." दादा, बोर्डिंगात तिला मी एकटी आहे. ते वाक्य ऐकून मला जेवण गेलं नाही.

बांगड्या मी काढायला लावल्या नाहीत. मनात होतं, पण नाही लावल्या.

मथुरा


अंजनवेल, गुरुवार, १० मे १९३४

दादास नमस्कार.

आज होडीत तू वल्ह्याला जे सांगितलंस ते ऐकलं आणि चूल पेटवायची सोडून लिहायला बसले. सोमवारी मुलाकडची माणसं येणार, मुलगा मुंबईला गिरणीत आहे, जातीत बोलणं झालं आहे, पोरीला अजून बुडी मिळालेली नाही तोवर कोणाची ना नाही. हे सगळं तू माझ्या देखत एका लाकडाला सांगितलंस. मैना समोर बसून पाण्यात बोटं बुडवत होती. 

ती सतरा वर्षांची आहे. या वर्षी रविवारी पाण्यात उतरणाऱ्या सहाजणांत तिचं नाव तिनं स्वतः दिलं आहे. मी दिलेलं नाही. पण नाव देणं निराळं आणि उतरणं निराळं. दर वर्षी एखाद-दुसरं काठावरून मागे फिरतं आणि त्याला कोणी काही म्हणत नाही.

तिच्या मनात काय आहे ते मला कळत नाही आणि मला विचारायची बंदी आहे. कोणाला कळणारही नाही, मी आई आहे, भाजी निवडताना सहज विचारू शकते. पण मी इतरांच्या आयांना दटावलं आहे, "गो बाय, पोरीला ढोसू नको." आता स्वतः तिला भरीस कशी घालू? ती कांदे चिरत राहते. काल तिनं पेटीतून त्या हिरव्या बांगड्या काढल्या आणि परत ठेवल्या.

तू एकदा माझं लग्न माझ्या मनाविरुद्ध ठरवलंस. तिचं तरी ठरवू नकोस. ती स्वतः हो म्हणाली तर मी तुझ्या दारात येऊन अक्षता टाकीन, बाहेर उभी राहून टाकीन. पण तिला म्हणू दे.

मथुरा


अंजनवेल, शनिवार, १२ मे १९३४

दादा,

नमस्कार वगैरे आज नाही.

पाळकांनी मला चुलीपाशी येऊन सांगितलं, उद्याची वेळ तरवाल्यानं दिली, दुपारी दोन. मी म्हटलं, "दोन? नीट ऐकलंत?" ते म्हणाले, "दोनदा विचारलं."

उद्या अवस आहे. अवसेला भर दुपारी भरती, हे बाबांनी तुला आणि मला एकाच वल्ह्यावर बसवून शिकवलं. दोन वाजता उधाणाचं पाणी समुद्राकडे धावत असतं. त्या ओढीत तू रिकामी होडीसुद्धा सोडत नाहीस.

तू काय योजलं आहेस ते मला समजतं. तुला कोणाला बुडवायचं नाही, एवढं मी तुला ओळखते. तुला वाटलं, पाळक काठावर येतील, पाणी कसं धावतंय ते बघतील, घाबरून मागे फिरतील. बाप्तिस्मे पुढे जातील, सोमवार उजाडेल आणि पोर कोरडीच असेल. पण दादा, ज्याला डोळे आहेत तो बघेल, हे तुझं गणित चुकलं. पाळक मागे फिरायचे नाहीत. त्या माणसाला पाणी म्हणजे विहिरीतलं, जागच्या जागी उभं असलेलं. कमरेएवढं दिसलं की ते देवाचं नाव घेऊन आत जाणार आणि त्यांच्यामागे सहा मुलं.

मी तसं होऊ देणार नाही. उद्या सकाळच्या उपासनेनंतर मी पाळकांना सांगणार. पण मी सांगितलं की तू खोटं बोललास हेही आलं. मग मिशनचं एकही माणूस तुझ्या होडीत पाऊल टाकायचं नाही. ते जाऊ दे, त्याचं मला काही नाही. बाबांच्या वेळेपासून या खाडीत आपल्या घरानं सांगितलेली भरतीची वेळ खोटी निघाली नाही. ती पहिल्यांदा खोटी ठरेल, आणि तीही भाचीच्या जिवावर. म्हणून सकाळपर्यंत वाट बघते. तू येऊन आपल्या तोंडानं सांग.

मी हे लिहीत असताना मैना मागे उभी राहून वाचत होती. मला कळलंच नाही. म्हणाली, "आई, फळीखाली ठेवू नको. मी मामाला हातात देते. संध्याकाळच्या शेवटच्या खेपेला जाते."

शेवटच्या खेपेला जाणं म्हणजे रात्री तुझ्याकडे राहणं. तिथे वहिनी आहे, तुझ्या मुली आहेत, सोमवारची तयारी आहे. मी म्हणणार होते, "तू नको जाऊ." तोंडाशी आलं होतं. दादा, मला ते गिळावं लागलं. मी फक्त विचारलं, "परत येशील?" तिनं पेटी उघडली, बांगड्या घेतल्या आणि पदरात बांधल्या.

तेव्हा हे पत्र तुला तिच्या हातून मिळेल. तिला राहायचं असेल तर ठेवून घे. मी मागे येणार नाही, रडत तुझ्या काठावर बसणार नाही. पण दोनाची वेळ मागे घे.

मथुरा


अंजनवेल, रविवार, १३ मे १९३४, संध्याकाळ

दादास,

आज जे घडलं ते तुझ्या डोळ्यांसमोरच घडलं, तरी मी लिहिते आहे. तू मधल्या धारेत होतास, मी काठावर होते, आणि काठावरून काय दिसलं ते तुला ठाऊक नाही.

उपासना उरकली तरी तुझी होडी आली नाही. सकाळची खेप नाही, काही नाही. लोक पलीकडे ताटकळले होते म्हणे. मी पाळकांकडे जायला निघाले, अर्ध्या वाटेत थांबले, परत चुलीपाशी आले. भात करपला. इतक्या वर्षांत माझ्या हातून शिबिराचा भात करपला नव्हता. मिसबाई म्हणाल्या, "मथुराबाई, बरं नाही का?" मी म्हटलं, धूर डोळ्यांत गेला. मग मी ठरवलं, आता पुरे. पदर खोचून पाळकांच्या झोपडीच्या दारापर्यंत गेले आणि त्याच वेळी खाडीवरून तुझी हाक आली.

"ओ पाळकानू! दोनाला नाय! आत्ता उतरा, आत्ता! पाणी भरत आलाय! येळ मी चुकीची सांगितली!"

चुकीची. खोटी म्हणाला नाहीस, तेवढा मान तू स्वतःला ठेवलास, आणि तो मी तुला ठेवू दिला. पाळकांना मी अजून काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

मंडळी जेवणाची पानं टाकून धावली. मी शेवटी पोचले. बघते तर मैना तुझ्या होडीत पुढच्या टोकाला नाळेपाशी उभी, हातात हिरव्या बांगड्या. माझ्या मनात आलं, झालं, ही आता तुझी. तू तिला मला दाखवायला आणली आहेस. 

मग तिनं बांगड्या एकेक करून काढल्या आणि तुझ्या मांडीवर ठेवल्या. टाकल्या नाहीत, नीट ठेवल्या. आणि होडीच्या कडेवरून ती सरळ छातीएवढ्या पाण्यात उतरली. काठावर मंडळींकडे आलीसुद्धा नाही, तिथून चालत पाळकांपाशी गेली.

तुमच्यात रात्री काय बोलणं झालं ते तिनं मला दुपारी सांगितलं. तू पत्र वाचलंस आणि जेवला नाहीस. वहिनीनं तिला सोमवारचं लुगडं दाखवलं. तिनं ते हात लावून बघितलं, छान आहे म्हणाली आणि तुझ्याकडे येऊन बसली. म्हणाली, "मामा, मी उद्या पाण्यात जाणार. आई म्हणते म्हणून नाही. आईनं मला एक अक्षर विचारलेलं नाही. कधी जायचं ते तुम्ही सांगा. तुम्ही दोन म्हणालात तर मी दोनाला जाईन." तू सकाळी उठून होडीत जाऊन बसलास आणि कितीतरी वेळ होडी सोडलीच नाहीस. पाणी चढत गेलं आणि तू नुसता बसून राहिलास, असं ती म्हणाली. तिनं घाई केली नाही. तीही बसून राहिली.

दादा, मला एवढी हिंमत झाली नसती. मी तुझ्यावर ओरडले असते.

पाळकांनी तिला विचारलं, "स्वतःच्या मनानं आलीस का?" ती हो म्हणाली. तिचा आवाज बारीक आहे, तरी काठापर्यंत आला. ती पाण्याखाली गेली. वर आली तेव्हा सगळे गायला लागले.

पण बाकीचे पाच आधी झाले होते, ती शेवटची होती, आणि तू सकाळी उशीर केला होतास. पाणी फिरलं होतं. पाळकांचा पाय सरकला, त्यांनी तिचा हात सोडला, आणि माझी पोर दोन पावलं समुद्राकडे गेली. काठावर कोणाच्या ध्यानात आलं नाही, सगळे डोळे मिटून गात होते. तू होडी खालच्या अंगाला, समुद्राच्या बाजूला, आडवी धरून ठेवली होतीस. का धरली होतीस ते मला तेव्हा उमगलं. तू वल्हं टाकलंस आणि दोन्ही हातांनी तिला उपसून होडीत घेतलंस.

ओली. आत्ताच बुडी घेतलेली. डोक्यापासून पायापर्यंत आमची झालेली.

मग तू आपल्या हातांकडे बघितलंस. मी ते पाहिलं, जसं पहिल्या वर्षी तुझं हसणं पाहिलं होतं. तू हात धोतराला पुसले नाहीस. होडी काठाला आणलीस. मी गुडघाभर पाण्यात मैनेचं कोरडं लुगडं घेऊन उभी होते. आणि तू हात पुढे केलास. वल्ह्याला न सांगता, माझ्याकडे बघून म्हणालास, "चढ गो मथुरे."

पंधरा वर्षांनी माझं नाव तुझ्या तोंडून आलं. आणि मी काय केलं? तुझ्या पुढे आलेल्या हातात ते लुगडं ठेवलं आणि पाठ फिरवून चुलीकडे गेले.

मला राग आला होता. दोन वाजताच्या वेळेचा राग होता, पंधरा वर्षांचा होता, माझ्या पोरीला पाण्यानं ओढलं त्याचा होता. हात एकदा पुढे केला की मागचं सगळं धुऊन निघतं असं नाही, असं मला वाटलं, आणि अजूनही वाटतं. पण करपलेल्या भाताचं भांडं घासत बसले तेव्हा रडू आलं ते थांबेना. मैना ते कोरडं लुगडं नेसून माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "मामा अजून काठावर आहे. होडी सोडत नाही."

सोमवारच्या पाहुण्यांना काय सांगायचं ते तुझं तू बघ. भाची मेली असं मात्र सांगू नकोस.

उद्या सकाळी शिबिर मोडतं. मुलं पुढे जातील, भांडी पुढे जातील, मी नेहमीसारखी शेवटी येईन. तेव्हा तो हात पुन्हा पुढे कर, दादा. आज मी घेतला नाही, उद्या घेईन. आणि नाही केलास तरी चढता मला येतं, ते तू इतकी वर्षं बघितलं आहेस.

तुझी
मथुरा